सासूचा खुबा, सुनेचा खुबा

(सामुदायिक रेडिओवरील ‘आपलं आरोग्य, आपल्या हाती’ या सदरात झालेलं भाषण)

 

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नाव अवघड, म्हणून आमच्या भागात मला ‘व्यायामवाली ताई’ म्हणतात. हाड मोडलेल्या, ऑपरेशन झालेल्या माणसांना पुन्हा उभं करायचं, चालतं करायचं, हे माझं काम. आज मी तुम्हाला एका घरातलं भांडण सांगणार आहे. भांडण होतं खुब्यावरून.

खुबा म्हणजे मांडी जिथं कमरेला जोडलेली असते तो सांधा. या घरातल्या सासूबाई आषाढात अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या. वय ७६. खुब्यात हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मोडका गोळा काढून धातूचा बसवला. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून त्या उभ्या राहिल्या आणि त्या पायावर पूर्ण वजन दिलं.

दिवाळीनंतर सुनेचं ऑपरेशन झालं. तिचं वय ४४. तिला बरीच वर्षं सांधेदुखी. कुणाकडून तरी आणलेल्या बिननावाच्या पुड्या ती खायची. पुडी घेतली की तासाभरात आराम, म्हणून खातच राहिली. डॉक्टरांनी तपासल्यावर सांगितलं, त्या पुड्यांत स्टेरॉइड असणार. त्यामुळं खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला आणि गोळा आतून ढासळला. तिचा सगळा खुबा बदलावा लागला.

मी व्यायाम शिकवायला घरी गेले, तर सासूबाई ओसरीवर वाटच बघत बसलेल्या. म्हणाल्या, “ताई, तूच न्याय कर. मला सिमेंट घालून हलका खुबा बसवला. हिला बिनसिमेंटचा, भारीचा. पैसेही हिलाच जास्त लागले. मग मी म्हातारी दुसऱ्या दिवशी पाय टेकते, आणि ही तरणीताठी सहा आठवडे अर्धाच पाय टेकणार? भारीच्या खुब्याला एवढे लाड कशाला?”

सून खाली मान घालून बसली होती. ऊसतोड तोंडावर आलेली, घरात दोन म्हशी. तीन आठवडे झाले होते आणि वॉकर सोडून कामाला लाग, असं घरात रोज निघत होतं. तीही मनातून डळमळली होती. मला हळूच म्हणाली, “ताई, दुखत तर नाही आता. लागू का कामाला?”

मैत्रिणींनो, सासूबाईंचा प्रश्न बरोबर होता. उत्तर समजून घेतलं नसतं, तर सुनेचा खुबा वाया गेला असता. म्हणून तेच उत्तर आज तुम्हालाही सांगते.

आधी खुबा कसा असतो ते बघू. कमरेच्या हाडात एक वाटी असते. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो. वाटीत गोळा फिरतो, म्हणून आपण चालतो, वाकतो, उकिडवं बसतो. दोन्हींवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. ते झिजलं किंवा गोळा ढासळला, की पाऊल टाकताना जीव जातो. मग डॉक्टर नवी वाटी बसवतात, नवा गोळा बसवतात. गोळा एका लांब दांड्यावर असतो आणि तो दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळीत घालतात.

या नव्या खुब्याला दोन बाजू आहेत. आतली बाजू, जिथं वाटीत गोळा फिरतो, ती जितकी गुळगुळीत तितकी चांगली. बाहेरची बाजू, जी आपल्या हाडाला टेकते, ती मात्र घट्ट धरून बसली पाहिजे. म्हणजे एका बाजूला घर्षण कमी हवं आणि दुसऱ्या बाजूला जास्त हवं. घर्षण म्हणजे सरकायला होणारा अडथळा. तुमचा पाटा झिजून गुळगुळीत झाला, की वरवंट्याखालून वाटण नुसतं सरकत राहतं. मग आपण टाकी लावून घेतो, पाटा खरखरीत करून घेतो. तसंच हे.

आतल्या बाजूची गोष्ट मोठी गमतीची आहे. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली नावाचे हाडांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे एक रुग्ण आला. त्याला आधीच्या काळातला ॲक्रिलिकचा गोळा बसवलेला. तो वाकला की खुब्यातून करकर आवाज यायचा. सांगतात, की त्या आवाजाला कंटाळून त्याची बायको खोलीतून उठून जायची. चार्नलींच्या लक्षात आलं, की हा आवाज म्हणजे आत भयंकर घासतंय. आणि आत जेवढं घासेल, तेवढी बाहेरची पकड रोज ओढली जाणार, ढिली होणार. जात्याचा वरचा दगड अडखळला की खुंट्यावर जोर येतो ना, तसं.

मग त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं. आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. गुळगुळीत होतं, पण काही वर्षांतच झिजलं, त्याचा चुरा झाला आणि त्या चुऱ्यानं आजूबाजूचं मांस सुजलं. ती ऑपरेशनं पुन्हा करावी लागली. शरीरात टेफ्लॉन काय करतं हे बघायला या डॉक्टरांनी त्याचे कण स्वतःच्या मांडीत घालून घेतले होते! शेवटी १९६२ साली त्यांनी पॉलिइथिलिन नावाच्या चिवट प्लास्टिकची वाटी आणि धातूचा लहान गोळा वापरला. गोळा फक्त २२ मिलिमीटरचा. गोळा लहान, म्हणून त्याची ओढ कमी. तो खुबा टिकला. आज जगभर जे खुबे बसतात, ते याच विचारातून आले.

आता बाहेरची बाजू. चार्नलींनी दांडा आणि वाटी बसवायला सिमेंट वापरलं. हे सिमेंट घर बांधायचं नव्हे. दातांचे डॉक्टर कवळीसाठी वापरतात त्या जातीचं ते ॲक्रिलिक. ऑपरेशनच्या वेळी कालवतात, हाडाच्या पोकळीत भरतात, दांडा आत घालतात आणि दहा-पंधरा मिनिटांत ते दगडासारखं होतं. ते डिंकासारखं चिकटवत नाही. हाडाच्या बारीक बारीक छिद्रांत शिरून फटी भरतं आणि दांडा जखडून ठेवतं. म्हणजे टेबलावरून रुग्ण उतरण्याआधीच पकड पक्की झालेली असते.

म्हणून सासूबाई दुसऱ्या दिवशी पूर्ण पाय टेकू शकल्या. त्यांची पकड पहिल्या दिवसापासून तयार होती.

मग बिनसिमेंटचा खुबा कशाला निघाला? कारण पुढं काही वर्षांनी काही रुग्णांचे खुबे ढिले होऊ लागले. आधी सगळा दोष सिमेंटला दिला गेला. नंतर कळलं, की वाटीच्या प्लास्टिकचे झिजलेले बारीक कण हा मोठा शत्रू आहे. त्या कणांना हुसकावताना शरीर आपलंच हाड खातं. पण तोवर डॉक्टरांनी दुसरी वाट शोधली होती. ती म्हणजे हाडालाच थेट धातूवर वाढू द्यायचं.

हाड धातूवर वाढतं का? टायटॅनियम नावाच्या धातूवर वाढतं. स्वीडनमधल्या ब्रोनेमार्क नावाच्या संशोधकांनी १९५० च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवलं होतं. काम झाल्यावर काढायला गेले तर निघेना. हाडानं त्याला आपलंसं करून टाकलं होतं.

बिनसिमेंटच्या खुब्याची बाहेरची बाजू म्हणून खरखरीत आणि छिद्राछिद्रांची करतात. काहींवर हाडात असतो तशाच क्षाराचा थर देतात. छिद्रं इतकी बारीक, की हाडाच्या पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरतील. पण हाड काही एका रात्रीत वाढत नाही. साधारण सहा ते बारा आठवडे लागतात आणि पुढंही कित्येक महिने ते मजबूत होत राहतं.

मग तोवर हा खुबा कशावर टिकतो? ना सिमेंट, ना अजून हाड वाढलेलं. तो टिकतो फक्त घर्षणावर.

कुऱ्हाडीचा दांडा कसा बसवतो? भोकापेक्षा किंचित जाड ठेवतो आणि ठोकून घट्ट बसवतो. तसंच इथं करतात. वाटी बसवायची असेल तर हाडातली जागा वाटीपेक्षा साधारण एक ते दोन मिलिमीटर लहान कोरतात. मग ठोकून बसवतात. हाड ताणलं जातं आणि वाटीला चहूबाजूंनी आवळून धरतं. खरखरीत पृष्ठभाग त्या आवळण्याला साथ देतो. दांडाही असाच पाचरीसारखा ठोकतात. कमी ठोकला तर ढिला राहतो. जास्त ठोकला तर हाड चिरतं. हा अंदाज डॉक्टरच्या हाताचा.

पण खरी गोष्ट पुढं आहे. तुमच्यापैकी कितीजणींनी आंब्याचं कलम बांधलंय? खुंटाला काप देतो, कलमकाडी त्यात बसवतो आणि पट्टीनं आवळून बांधतो. ती पट्टी कलम जोडत नाही, जोडतं ते झाड. पट्टी फक्त काडीला हलू देत नाही. कलम धरायच्या आधी काडी रोज हलली तर काय होतं? ती हिरवी दिसत राहते काही दिवस, पण जोड लागत नाही.

बिनसिमेंटच्या खुब्यात घर्षणाची पकड म्हणजे ती पट्टी. आणि हाडाचं वाढणं म्हणजे कलमाचं धरणं.

किती हललं तर चालतं? अगदी थोडं. शास्त्रज्ञांनी मोजलंय. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातले सुमारे ४० ते ५० भाग. म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तेवढ्यात राहिलं तर हाड आत शिरतं. ते हलणं १५० भागांच्या वर गेलं, म्हणजे दोन केसांच्या जाडीएवढं झालं, तर हाडाऐवजी तिथं मऊ तंतूंचा पडदा तयार होतो. त्या पडद्याची पकड हाडासारखी नसते. खुबा ढिला राहतो आणि पाऊल टाकलं की दुखतो.

आणि हे हलणं आपल्याला जाणवत नाही. सून म्हणाली होती ना, दुखत नाही आता. दुखणं थांबलं म्हणजे हाड धरलं असं नसतं. जखम भरते लवकर, हाड धरतं उशिरा.

खुब्यावर भार किती येतो, तेही ऐका. जर्मनीतल्या बर्लिन शहरात संशोधकांनी मोजमाप करणारी यंत्रं खुद्द खुब्यातच बसवून हे बघितलं. साधं चालताना खुब्यावर अंगाच्या वजनाच्या अडीचपट ते तिप्पट जोर येतो. म्हणजे ५० किलोची बाई चालते तेव्हा खुब्यावर सव्वाशे ते दीडशे किलो. ठेच लागून तोल गेला, तर सात-आठपट. म्हणजे साडेतीनशे-चारशे किलो, एका क्षणात. आता विचार करा, डोक्यावर हंडा, पायाखाली ढेकळं, आणि तीन आठवड्यांचा खुबा.

सगळ्यात वाईट म्हणजे पीळ. पायरी चढताना, खाली बसून उठताना दांड्याला पीळ पडतो, तो पोकळीत फिरू बघतो. शिवाय उकिडवं बसलं, मांडी घातली, तर सुरुवातीच्या काळात गोळा वाटीतून निसटण्याचीही भीती असते. म्हणून खुर्ची उंच हवी, शौचाला कमोडची खुर्ची हवी.

हे सगळं मी त्या ओसरीवर सांगितलं. सासूबाईंनी ऐकलं आणि पुन्हा विचारलं, “मग मला का नाही बिनसिमेंटचा? म्हातारीवर पैसे कशाला घालायचे, असंच ना?”

हा प्रश्न फार जणींच्या मनात असतो, म्हणून नीट सांगते. नाही. ७६ वर्षांच्या बाईचं हाड ठिसूळ झालेलं असतं. पाळी गेल्यावर आपली हाडं झपाट्यानं विरळ होतात. वाळक्या बांबूत मेख ठोकली तर बांबू उभा चिरतो. तसं ठिसूळ हाडात दांडा ठोकून बसवताना किंवा नंतरही हाड चिरण्याचा धोका जास्त, आणि तो म्हाताऱ्या बायकांत अधिकच. म्हणून पडून खुबा मोडलेल्या वयस्कर माणसाला सिमेंटचा दांडा हाच सहसा चांगला मानतात. परदेशातल्या मोठ्या वैद्यकीय संस्थांचा सल्लाही हाच आहे. सिमेंट भरताना रक्तदाब एकदम उतरू शकतो, त्यासाठी भूल देणारे डॉक्टर लक्ष ठेवून असतात. पण पहिल्या दिवसापासून उभं राहता येणं म्हाताऱ्या माणसाला जीवदान असतं. अंथरुणाला खिळलं की न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात.

४४ वर्षांच्या बाईचं हाड भरीव, जिवंत. ते आत वाढू शकतं. तिला अजून बरीच वर्षं काढायची आहेत. हाड एकदा धरलं की ती पकड जिवंत असते, म्हणून तिला बिनसिमेंटचा. तेव्हा भारी-हलकं असं काही नाही. जमीन बघून पीक घ्यावं, तसं हाड बघून खुबा.

आणखी एक सांगते. बिनसिमेंटच्या सगळ्याच रुग्णांना सहा आठवडे अर्धा पाय टेकायला सांगतात असं नाही. आता बरेच डॉक्टर पकड छान बसली असेल तर वॉकर धरून लगेच पूर्ण वजन द्यायला सांगतात. ठोकताना पकड कशी बसली, हाड कसं होतं, हे फक्त ऑपरेशन करणाऱ्यानं बघितलेलं असतं. म्हणून शेजारणीचा नियम आपल्याला लावू नका, आणि आपला तिला लावू नका. तुमच्या डॉक्टरनं सांगितलं तोच तुमचा नियम.

आता लक्षात ठेवायच्या गोष्टी सांगते. गटाच्या वहीत लिहून घ्या.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना विचारा: खुबा सिमेंटचा की बिनसिमेंटचा? माझ्यासाठी तोच का? पायावर किती वजन, किती आठवडे? खाली कधी बसायचं, की कधीच नाही? शेतातलं कुठलं काम कधी? पैशांची अडचण असेल तर योजनेत बसणाऱ्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला आधी भेटा.

काठी कुठल्या हातात धरायची? दहापैकी नऊ जणी दुखऱ्या बाजूच्या हातात धरतात. ते चूक. उजवा खुबा बदलला असेल तर काठी डाव्या हातात. त्यानं खुब्यावरचा भार खरोखर कमी होतो.

मिश्री लावत असाल, तंबाखू खात असाल, तर सोडा. तंबाखूतलं निकोटीन हाडाचा रक्तपुरवठा मंदावतं. रक्त नाही तर हाड वाढणार कशावर? मेडिकलमधून मनानं दुखण्याच्या गोळ्या आणू नका. बिननावाच्या पुड्या तर दारातही नकोत.

दवाखान्यात कधी पळायचं? जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप आला. पोटरी सुजली, दुखू लागली. पाय एकदम आखूड झाला, वाकडा वळला, टेकवेना. यात वाट बघायची नाही. आणि बरं झाल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, बसून उठल्यावर पहिली चार पावलं मांडीत किंवा जांघेत कळ येत असेल, तर तेही ढिलेपणाचं लक्षण असू शकतं. एक्स-रे काढून घ्या. दुखत नसलं तरी सांगितलेल्या तारखेला तपासणीला जा.

आणि कागद जपा. खुब्याच्या खोक्यावर चिकटपट्टी असते. त्यावर कंपनी, मापं, क्रमांक असतो. ती तुमच्या फाईलला लावून मागा. २०१० साली एका मोठ्या परदेशी कंपनीला धातूवर धातू घासणारा आपला खुबा जगभरातून परत मागवावा लागला. धातूचे कण रक्तात उतरत होते. आपल्या देशातल्या कितीतरी रुग्णांचा तेव्हा पत्ताच लागला नाही. चिकटपट्टी जपली असेल तर आपला खुबा कुठला, ते आपल्याला कळतं.

शेवटचं गटासाठी. कलमाची पट्टी सुटू नये म्हणून आपण बकरी आवरतो, पोरांना ओरडतो. बाईचा खुबा धरेपर्यंत तिला कोण जपणार? एकटीच्या जिद्दीचं हे काम नाही. तिनं पाणी भरायचं नाही, तर कुणीतरी भरलं पाहिजे. तिनं धारेला उकिडवं बसायचं नाही, तर कुणीतरी बसलं पाहिजे. आमच्याकडच्या एका गटानं बचतीतून एक वॉकर आणि एक कमोडची खुर्ची घेतली. ज्या घरात गरज, त्या घरात ती जाते, काम झालं की धुऊन परत येते. पाण्याच्या पाळ्याही लावून घेतल्या. तुम्हालाही हे जमेल.

त्या घरात पुढं काय झालं? दुसऱ्या आठवड्यात मी गेले, तर सून वॉकर बाजूला ठेवून चुलीपाशी वाकत होती. माझ्या आधी सासूबाईच ओरडल्या, “अगं, कलम हलतंय ना!” म्हशींच्या धारा तिचा नवरा काढत होता. सहा आठवड्यांनी एक्स-रे निघाला, दांडा जागच्या जागी होता. आता ती काठीशिवाय चालते. जड ओझं मात्र तिला कुणी उचलू देत नाही.

तुमच्या घरात, गावात कुणाचा खुबा बदलला असेल, तर तुमचे प्रश्न आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात, म्हातारपणी पडू नये म्हणून घर-अंगण कसं ठेवायचं आणि पायांना बळ देणारे चार सोपे व्यायाम, हे सांगेन. तोवर अंगणातलं शेवाळ तेवढं आजच खरवडून टाका. नमस्कार.